पिऑन, प्यादं आणि प्यून



आजचा विषय जरा लांबच्या देशातला आहे, पण वाचत गेलात तर तो आपल्याच उंबऱ्याशी येऊन थांबतो, असं तुमच्या लक्षात येईल.

डच भाषेत, म्हणजे नेदरलँड्समध्ये, बुद्धिबळातल्या प्याद्याला 'पिऑन' म्हणतात. आपण जिला सोंगटी म्हणतो, तिलाही तिथे पिऑनच म्हणतात. आपल्या ल्युडोसारखा एक खेळ तिथे घरोघरी असतो. त्याच्या नावाचा अर्थ 'माणसा, चिडू नकोस' असा आहे, आणि नाव किती योग्य आहे ते ल्युडो खेळताना चिडलेली मुलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. त्या खेळातल्या लाल-पिवळ्या सोंगट्या म्हणजे पिऑन. रस्त्याचं काम चालू असलं की जे नारिंगी शंकू मांडून ठेवतात, त्यांनाही बोलीत पिऑन म्हणतात, कारण ते मोठ्या आकाराच्या सोंगटीसारखेच दिसतात. आणि एखाद्याला दुसरेच कोणी खेळवत असतील, तर 'तो नुसता पिऑन आहे' असंही म्हणतात. आपणही तसंच म्हणतो ना, 'तो काय, त्यांच्या हातातलं प्यादं!'

माझी भाची तिकडे राहते. तिच्या मुलीच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या कानांना तो 'प्यून' असा ऐकू आला. गंमत म्हणजे कानांनी जे ऐकलं ते नात्याच्या दृष्टीने अगदी बरोबर निघालं. डचांचा पिऑन, आपलं प्यादं आणि कचेरीतला प्यून हे तिघे एकाच घराण्यातले आहेत. त्या घराण्याचा मूळपुरुष आहे पाय.

खेळ इथून गेला

बुद्धिबळाचं जुनं नाव चतुरंग. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं, हत्ती, रथ, घोडा आणि पायदळ. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात चतुरंगाचा आणि अष्टापद नावाच्या आठ घरांच्या पटाचा श्लेष साधून उल्लेख केला आहे, म्हणजे तेव्हा हा खेळ वाचकांच्या ओळखीचा असणार. पायी लढणाऱ्या शिपायाला संस्कृतात 'पदाति' म्हणत. पद म्हणजे पाय, पायाने जाणारा तो पदाति.

खेळ इराणात गेला तेव्हा चतुरंगाचं 'चत्रंग' झालं. खेळाचं नाव त्यांनी आपल्याकडून घेतलं, पण पायी शिपायासाठी त्यांचा स्वतःचा शब्द होताच. फारसीतही पायाला 'पा' किंवा 'पाय' असंच म्हणतात. त्यावरून पायी चालणारा तो 'पियादा'. आपल्या मराठीतलं प्यादं ते हेच. म्हणजे खेळ आपला असूनही मराठीत त्याच्या सोंगटीचं नाव फारसीचा फेरा घेऊन परत आलं. माहेरची वस्तू सासरच्या नावाने घरी यावी, तसं. अरबांनी हाच शब्द घेतला आणि त्यांच्या उच्चारात तो 'बैदक' झाला.

अरबांकडून खेळ स्पेन आणि इटलीच्या वाटेने युरोपात पोचला. इसवी सन १०००च्या आसपास स्वित्झर्लंडमधल्या आइन्सिडेल्नच्या मठात बुद्धिबळावर एक लॅटिन कविता लिहून ठेवलेली सापडते. युरोपातल्या बुद्धिबळाच्या सर्वांत जुन्या लिखित खुणांपैकी ती एक आहे.

आता इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. वाटेत पटावरच्या बहुतेकांनी वेश बदलला. रथाचं फारसीत 'रुख' झालं आणि युरोपात त्याचा बुरूज बनला. डच भाषेत त्याला 'तोरन' म्हणतात, म्हणजे मनोराच. हत्ती युरोपातल्या लोकांनी पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्या सोंगटीचं काय करावं हे त्यांना कळेना. इंग्रजांनी त्याचा बिशप केला, फ्रेंचांनी विदूषक केला, डचांनी त्याला 'लोपर' म्हणजे धावणारा म्हटलं. राजाच्या शेजारचा मंत्री तर चक्क राणी झाला. आपल्याकडेही बदल झालेच. आपण मंत्र्याला वजीर म्हणतो, रथाच्या कोपऱ्यात हत्ती उभा करतो आणि हत्तीच्या जागी उंट आणला आहे.

राजा राजाच राहिला, घोडा घोडाच राहिला, आणि तिसरा न बदललेला गडी म्हणजे हा पायी शिपाई. पायी चालणारा माणूस कुठल्या देशात नाही? म्हणून त्याचं नाव कोणाला परकं वाटलं नाही. बहुतेकांनी आपल्या भाषेतला पाय घेऊन त्याचं भाषांतर केलं. लॅटिनमध्ये पायाला 'पेस' म्हणतात आणि त्याचीच रूपं 'पेद' अशी होतात. त्यावरून पायी शिपाई तो 'पेदो', त्याचं रूप 'पेदोनेम'. इटालियनमध्ये त्याचं 'पेदोने' झालं, स्पॅनिशमध्ये 'पेओन', जुन्या फ्रेंचमध्ये 'पेओन' आणि मग 'पिओं'. रशियनमध्ये प्याद्याला 'पेश्का' म्हणतात, त्यातही पायी चालणंच आहे. इंग्रजीतला 'पॉन' हा फ्रेंचमधूनच आला. आणि डच लोकांनी 'पिऑन' घेतला तोही फ्रेंचांकडूनच.

प्रत्येक प्याद्याला एक धंदा

तेराव्या शतकाच्या शेवटी इटलीत जाकोबुस दे चेसोलिस नावाचा एक ख्रिस्ती साधू होऊन गेला. त्याने बुद्धिबळाच्या पटावरून लोकांना नीती शिकवली आणि त्याचं लॅटिनमध्ये पुस्तक झालं. त्या पुस्तकाची युरोपातल्या अनेक भाषांत भाषांतरं झाली. डच भाषांतर गौडा या गावी १४७९ साली छापलं गेलं. युरोपात छपाई सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि छापण्यासाठी निवडलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांत हे होतं, यावरूनच त्याची लोकप्रियता कळते.

त्या साधूने आठही प्याद्यांना एकेक धंदा वाटून दिला होता. एक शेतकरी, एक लोहार, एक लेखनिक, एक व्यापारी, एक वैद्य, एक खाणावळवाला, एक नगराचा राखणदार आणि शेवटचा जुगारी व निरोप्या. म्हणजे ज्यांना आपण 'नुसती प्यादी' म्हणतो, त्यांच्यात अख्खं गाव आलं! राजा, राणी, उमराव पाठीमागच्या रांगेत उभे, आणि त्यांना जेवू घालणारे, त्यांची हत्यारं घडवणारे, त्यांना औषध देणारे सगळे पुढे. जर्मन भाषेत तर आजही प्याद्याला 'बाउअर' म्हणजे शेतकरीच म्हणतात.

व्होट, पाय आणि पाईक

डच भाषेत पायाला 'व्होट' म्हणतात. लिहिण्यात 'पिऑन' आणि 'व्होट' यांचा काही संबंध दिसत नाही, पण तेही भाऊच आहेत. संस्कृत आणि लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला जिथे 'प' येतो, तिथे डच, इंग्रजी, जर्मन या बहिणींत 'फ' किंवा 'व्ह'सारखा उच्चार येतो. आपला पितृ, त्यांचा 'व्हाडर'. आपला पाद, त्यांचा 'व्होट', इंग्रजांचा 'फूट'. म्हणजे डचांच्या घरात एक पाय वाडवडिलांपासून आहे आणि दुसरा फ्रेंच शेजाऱ्याकडून आलेला आहे. पहिल्याने चालायचं, दुसऱ्याने पटावर खेळायचं. पायदळाला ते 'व्होटफोल्क' म्हणतात, म्हणजे पायवाले लोक. आपलं पायदळ आणि त्यांचं व्होटफोल्क, बांधणी अगदी एकसारखी.

आता आपल्या घरातली एक गोष्ट सांगते, जी मला या सगळ्या शोधात सर्वांत आवडली. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी गुजरातेत सिद्धहेमशब्दानुशासन नावाचं व्याकरण रचलं. त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृत भाषांचे नियम आहेत. आपले आगम प्राकृतात, त्यामुळे आपल्याला या व्याकरणाचं मोल वेगळं सांगायला नको. त्यात आचार्यांनी एक सूत्र दिलं आहे, ज्यात संस्कृत 'पदाति'चं प्राकृत रूप 'पाइक्क' असं नोंदवलं आहे. पाइक्क! आपला मराठी 'पाईक' डोळ्यांसमोर उभा राहतो की नाही? देवाचा पाईक, धर्माचा पाईक, असं आपण किती आदराने म्हणतो. म्हणजे तोच पायी शिपाई एका वाटेने आला तर पाईक झाला आणि त्याला मान मिळाला. दुसऱ्या वाटेने आला तर प्यादं झाला आणि त्याला कोणीही हलवावं असं झालं. तिसऱ्या वाटेने आला तो प्यून.

प्यून

पोर्तुगीज भाषेत पायी शिपायाला आणि बुद्धिबळातल्या प्याद्यालाही एकच शब्द आहे, 'पिआंव'. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा पायी पहारेकरी, हरकारे, निरोपे यांना ते हाच शब्द वापरत. त्यांच्याकडून तो इंग्रजांनी उचलला. पुढे सैनिक हा अर्थ मागे पडला आणि कचेरीत निरोप नेणारा, कागद पोचवणारा तो 'पिऑन' असा अर्थ रूढ झाला. आपण त्याचा 'प्यून' केला. योगायोग बघा, मराठीत त्याला जो दुसरा शब्द आहे तोही 'शिपाई', म्हणजे पुन्हा सैनिकच. हातात तलवार नाही, फायली आहेत, एवढाच फरक.

माझे वडील, अण्णा, सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिपाई होते. म्हणून हा शब्द माझ्यासाठी नुसता शब्दकोशातला नाही. अण्णा सकाळी सर्वांच्या आधी शाळेत जायचे. वर्ग झाडताना केरसुणी हलक्या हाताने फिरवायचे, कोपऱ्यात मुंग्यांची रांग असली तर ती सोडून झाडायचे. शाळेच्या पिण्याच्या पाण्याचा माठ त्यांच्याकडे होता. ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळून भरायचे आणि फडक्यावर राहिलेलं पाणी पुन्हा विहिरीत हलकेच सोडून यायचे. हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं. शाळेत आम्हा जैनांची मुलं मोजकीच होती, पण सगळ्या जातीधर्मांच्या शेकडो मुलांनी वर्षानुवर्षं गाळलेलं पाणी प्यायलं.

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा मध्यस्थांनी पाहुण्यांना 'वडील शाळेत आहेत' एवढंच सांगितलं आणि विषय बदलला. पाहुण्यांचा समज मास्तर असाच झाला. एक बाई म्हणाल्यासुद्धा, 'वा, कुठला विषय शिकवता?' अण्णा शांतपणे म्हणाले, 'मी शिपाई आहे. घंटा देतो.' ते स्थळ पुढे सरकलं नाही. घरातल्यांनी मध्यस्थांना बोल लावला, काहींनी अण्णांनाही लावला की गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं. अण्णांनी एवढंच उत्तर दिलं की, सत्याणुव्रत घेतलंय, ते फक्त देवळात पाळायचं नसतं.

आज मी पिऑनची ही कथा शोधून काढली तेव्हा ती अण्णांना ऐकवायला हवी होती असं फार वाटलं. ते आता नाहीत. त्यांना कदाचित हसू आलं असतं. पण ज्या बाईंना 'प्यून' हा शब्द ऐकून अवघडल्यासारखं झालं, त्यांना सांगावंसं वाटतं की हा शब्द आणि 'धर्माचा पाईक' हे एकाच पायावर उभे आहेत. शब्दात कमीपणा कधीच नव्हता. तो आपण कामाकडे बघण्याच्या नजरेतून त्यात घातला.

'मारली' म्हणावं की 'घेतली'?

आता भाचीने मला विचारलेला प्रश्न. डच भाषेत समोरच्याची सोंगटी उचलण्याला जे क्रियापद आहे, त्याचा साधा अर्थ 'मारणे', फटका मारणे असाच होतो. तिथे शंभर घरांच्या पटावर चकत्यांचा एक खेळ फार लोकप्रिय आहे, प्रत्येकाकडे वीस वीस चकत्या असतात. त्यात तर मारता येत असेल तर मारणं सक्तीचं आहे, आणि जास्त चकत्या मारता येत असतील तर तिकडूनच मारावं लागतं. आपल्याकडेही मुलं 'तुझा घोडा मारला', 'प्यादं मारलं' असंच ओरडतात. भाचीचा प्रश्न होता, 'मावशी, मुलीला हे खेळ खेळू द्यावे ना? आजी तर पर्वात पट काढूच द्यायची नाही.'

आधी जुगाराचं बघू. सप्तव्यसनांत पहिलं व्यसन द्यूत आहे. पण द्यूत होतं ते पैजेमुळे, लोभामुळे आणि खेळ सुटत नाही म्हणून. पैज नसलेलं, वेळ ठरवून खेळलेलं बुद्धिबळ हे द्यूत नव्हे, असं मला वाटतं. आजी पर्वात पट काढू द्यायची नाही, कारण ते दहा दिवस स्वाध्यायासाठी राखून ठेवलेले असत. तो वेळेचा नियम होता आणि तो चांगलाच आहे.

राहिला 'मारण्याचा' प्रश्न. लाकडाची सोंगटी, तिला कुठे जीव आहे, असं म्हणून तो उडवून लावता येत नाही, कारण आपल्याकडे यशोधराची कथा आहे. सोमदेवसूरींनी इसवी सन ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलक चंपूत ती विस्ताराने येते. राजा यशोधर जिवंत प्राण्याचा बळी द्यायला तयार नसतो. आई चंद्रमतीच्या आग्रहाखातर तो पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतो. पिठाचा कोंबडा! पण बळी देण्याचा भाव खरा होता. त्या भावाचं फळ म्हणून आई आणि मुलगा दोघांनाही कितीतरी जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत भटकावं लागतं. लहानपणी ही कथा ऐकली की आम्हाला पिठाच्या गोळ्याचे प्राणी करायलाही भीती वाटायची.

मग बुद्धिबळातलं प्यादं पिठाच्या कोंबड्यासारखं आहे का? मला फरक दिसतो तो असा. यशोधराने कोंबड्याच्या जागी कोंबडा म्हणूनच तो मानला आणि मारण्याच्या हेतूनेच मारला. पटावर खेळणाऱ्याच्या मनात सहसा कोणाच्या मरणाची इच्छा नसते, समोरच्याची चाल ओळखण्याची धडपड असते. पण 'सहसा' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. मूल दात-ओठ खाऊन 'मारला, मारला' करत असेल, हरल्यावर भावंडाशी दोन दिवस बोलत नसेल, तर तिथे कषाय जागा झाला. सोंगटीला काही झालं नाही, पण खेळणाऱ्याला झालं. म्हणून मी भाचीला सांगितलं की खेळू दे, फक्त बोलणं बदलून बघ. आमच्या घरी मुलं 'घेतली' किंवा 'उचलली' म्हणतात. सुरुवातीला शेजारची मुलं हसली, मग तीही तसंच म्हणायला लागली. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्येही सोंगटी 'घेतात'च, त्यामुळे खेळाचं काही बिघडत नाही.

चालणारा

नेदरलँड्समध्ये आणखी एक जुना खेळ आहे, हंसाचा पट. त्रेसष्ट घरांची गोगलगायीसारखी वळत जाणारी वाट, फासा टाकायचा आणि आपला पिऑन पुढे न्यायचा. वाटेत पूल लागतो, धर्मशाळा लागते, विहीर लागते, चक्रव्यूह लागतो, तुरुंग लागतो. अठ्ठावन्नाव्या घरात मृत्यू आहे. तिथे पडलं की परत पहिल्यापासून सुरुवात. हे वाचून तुम्हाला आपली ज्ञानबाजी आठवली असेल. आपल्या जुन्या जैन पटांवर बहुधा ८४ घरं असतात, खाली नरक, मध्ये मनुष्यलोक, वर स्वर्ग आणि सर्वांत वर सिद्धशिला. शिडीने वर, सापाने खाली. एक पट दुसऱ्यावरून आला असं मी म्हणत नाही. पण दोन्हीकडे सोंगटी कोणाला मारण्यासाठी नसते. ती आपण स्वतः असतो आणि तिचं काम फक्त चालत राहणं हे असतं.

पिऑनचा मुळातला अर्थही तेवढाच आहे. पायी चालणारा. युद्ध, चाकरी, हीनपणा हे सगळं नंतर चिकटलं. आणि पायी चालण्याला आपल्या धर्मात केवढं स्थान आहे! आपले मुनी आणि आर्यिका वाहनात बसत नाहीत, गावोगाव पायी विहार करतात. ईर्यासमिती म्हणजे समोरची चार हात जमीन बघून, जीव वाचवत पाऊल टाकणं. घोडा पटावर उड्या मारतो, हत्ती सरळ धावतो, उंट तिरका पळतो. एकेक घर बघून चालतं ते प्यादंच, आणि शेवटच्या रांगेत पोचलं तर त्याचं पद बदलतं.

यंदा दशलक्षण पर्व संपल्यावर, क्षमावाणीनंतर, घरात पट काढाल तेव्हा मुलांना ही पायाची गोष्ट जरूर सांगा. आणि तुमच्या कचेरीत, सोसायटीत, मुलांच्या शाळेत जे शिपाईकाका किंवा मावशी असतील, त्यांचं नाव मुलांना माहीत आहे का, तेही एकदा विचारा. अण्णांना शाळेतली निम्मी मुलं 'ए प्यून' म्हणून हाक मारायची. उरलेली 'अण्णा' म्हणायची, आणि त्यांचं पाणी मात्र दोघांनाही सारखंच गाळलेलं मिळायचं.

उत्तम क्षमा.